लाल धाग्याच्या शेंगा

माझं तीन वर्षांचं संशोधन ज्या माणसानं भज्जीसोबत खाल्लं, त्याच्यावरच पुढं माझा जीव जडला. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण झालं तसंच.

येळवशीचा दिवस होता. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्या भागात गावात माणूस सापडत नाही. बसवकल्याणपासून आळंदपर्यंत दुकानं बंद, रस्ते ओस, आणि सगळी माणसं आपापल्या रानात. कडब्याची कोप करायची, तीत पाच पांडव मांडायचे, आंबील, उंडे, खीर, आणि तुरीच्या-हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी. रानात आलेल्या कुणालाही त्या दिवशी उपाशी पाठवायचं नसतं, मग तो ओळखीचा असो की वाट चुकलेला.

मी कलबुर्गीहून मिळेल त्या जीपनं मंठाळला पोचले, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रानात शिरले तर आमच्या कोपीपुढं एक अनोळखी माणूस मांडी घालून जेवत होता आणि माझा भाऊ तानाजी त्याला आग्रह करत होता.

"मोटरसायकल पंक्चर झाली ह्यांची," तानाजी म्हणाला. "मादन हिप्परग्याला जायलेत. आज कोण पंक्चर काढायलंय? म्हटलं, चला जेवायला."

पाहुण्यानं मला मान लववली, घास तोंडात घातला... आणि थबकला. ओठांतून त्यानं हळूच काहीतरी ओढून काढलं. लाल धागा होता.

त्यानं तो बोटांवर धरून पाहिला. मग चुलीशेजारच्या टरफलांच्या ढिगाकडं पाहिलं. त्या हिरव्या टरफलांत आणखी लाल धागे होते... पुष्कळ होते. त्याचा चेहरा उतरला.

"हे क्रॉस कुणी केलेत?" त्यानं विचारलं.

मी केले होते. पिवळं फूल उमलायच्या आधी कळी चिमट्यानं उघडायची, आतले केसर काढून टाकायचे, मर रोगाला दाद न देणाऱ्या दुसऱ्या तुरीचा पराग लावायचा, आणि कळीच्या देठाला लाल धागा बांधायचा. म्हणजे ही शेंग संकराची, हिला हात लावायचा नाही. शंभर कळ्यांमागं दहा-बारा धरतात. संशोधन केंद्रावरची विहीर आटली म्हणून ही झाडं मी आमच्या रानाच्या कोपऱ्यात लावली होती. माझी पीएचडी त्या कोपऱ्यात उभी होती.

"आई..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

आई, सुशीलाबाई, वाढायची पळी घेऊन हसतमुखानं आली. "बघ, तू धागे बांधून राखलेल्या शेंगाच घेतल्या पांडवांना. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई मी. तानाजीला बी न्हाई!"

आमच्याकडं नवसाचं झाड, नवसाची कोंबडी, नवसाचं पहिलं कणीस असंच धागा बांधून राखतात. पोरीनं दिवसदिवस उन्हातान्हात बसून एकेका कळीला लाल धागा बांधला, तो देवासाठी नाही तर कशासाठी? आईनं मनापासून, सगळ्यांत चांगलं ते देवाला दिलं होतं. तिच्यावर ओरडणार तरी कसं? मी धुऱ्याच्या बांधावर जाऊन बसले आणि रडले.

थोड्या वेळानं पाठीमागं खाकरण्याचा आवाज आला. "मी महेशकुमार. हैदराबादला संशोधन संस्थेत हाय. हरभऱ्यावर काम करतो." थांबून तो म्हणाला, "तुमचं बरंचसं... मी खाल्लं. लई चव होती. माफ करा."

मला रडता रडता राग आला. "चव होती म्हणायला लाज न्हाई वाटत?"

"वाटायली ना. म्हणून तर उठलो. चला, झाडं बघू. त्यांनी दाणा भरलेल्या शेंगा घेतल्या असतील. चपट्या, कोवळ्या कोण कामून तोडंल?"

हे मला सुचायला हवं होतं. आम्ही दोघं वाकून एकेक फांदी चाळायला लागलो. तुरीचा चिकट वास हाताला लागत होता. तो फांदी वाकवून धरायचा, मी पानाखाली बघायची. एका शेंगेवर आमची बोटं एकदमच पडली. त्यानं चटकन हात मागं घेतला, नको तेवढा चटकन, आणि कानापर्यंत लाल झाला. खोटं कशाला सांगू, इतक्या दुःखातही मला ते दिसलं.

ऊन उतरेपर्यंत चाळलं. धाग्याच्या चपट्या शेंगा ओंजळभर उरल्या होत्या.

"ओंजळभर बी लई असतंय," तो म्हणाला. मग तानाजीसोबत मोटरसायकल ढकलत निघून गेला. आईला मात्र सगळं उमगल्यावर तिनं जेवण टाकलं. "माझ्या लेकीच्या ताटात मीच माती कालवली," एवढंच म्हणत राहिली. त्या दिवसापासून तिनं तुरीची शेंग तोंडाला लावली नाही.

महिन्याभरानं विद्यापीठानं शेवटच्या वर्षातल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी एक योजना काढली. गाईड तर असतोच. पण त्याच्याखेरीज बाहेरच्या संस्थेतला एक तरुण शास्त्रज्ञ मेंटॉर म्हणून निवडायचा. गाईडनं प्रबंध बघायचा आणि मेंटॉरनं माणूस. पुढं काय करायचं, कुठं जायचं, काय शिकायचं राहिलंय, हे त्याच्याशी बोलायचं. यादीत हैदराबादचे चार होते. मी महेशकुमारचं नाव दिलं. का, म्हणून आमच्या गाईड वीरभद्रप्पा सरांनी विचारलं, तर म्हटलं, "सर, माझं काम पचवलेला माणूस तो एकटाच आहे."

सरांना शेंगांचं अजून सांगितलंच नव्हतं. पहिल्या फोनवर महेशकुमारनं हेच काढलं.

"सरांना कधी सांगणार?"

"तुम्हीच सांगा ना, कसं सांगू?"

"मी सांगणार न्हाई. मी विचारणार. माझं कामच ते हाय. सरांना दुसऱ्याकडून कळलं तर काय हुईल?"

"रागावतील."

"आणि तुमच्याकडून कळलं तर?"

"...कमी रागावतील."

"मग?"

मी दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. सरांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "आईला काही बोलली नाहीस ना?" आणि मुदतवाढीच्या अर्जावर सही केली.

असं सुरू झालं. तो कधी उत्तर द्यायचा नाही, नुसतं विचारायचा. मी चिडायची. "तुम्ही मेंटॉर आहात की पोलीस?" तो हसायचा आणि पुन्हा विचारायचा. बियाणं भिजलं तर काय कराल? मागच्या दोन वर्षांच्या मर रोगाच्या नोंदी पडून आहेत, त्यांचा शोधनिबंध होतो का? तुमच्या हाताला क्रॉस धरतो, पण तुरीच्या जनुकांची चाचणी कुणी दुसरं करून देतं. ते तुम्हाला कधी येणार? आणि एक प्रश्न तर प्रत्येक वेळी ठेवणीतला.

"पाच वर्षांनी कुठं उभं राहायचंय?"

पहिल्यांदा मी म्हटलं, "नोकरीत." तो म्हणाला, "ते बसायचं झालं. मी उभं राहायचं विचारायलोय." मग पुष्कळ दिवसांनी मला खरं उत्तर सापडलं. मंठाळच्या काळ्या रानात, मर न लागलेल्या तुरीत, माझ्या स्वतःच्या वाणाच्या तुरीत मला उभं राहायचं होतं. हे मी आजवर कुणालाच, स्वतःलाही, सांगितलं नव्हतं. फोनवर तो पुढचा प्रश्न विचारायचाच विसरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. ...दिसलं मला."

नियमानं महिन्यातून एकदा बोलायचं होतं. तो नियम आम्ही आषाढापर्यंत पाळला. पुढं मग पेरणी झाली का, उगवली का, कोळपलं का, असल्या निमित्तांनी फोन यायला लागले. मेंटॉरला कोळपणीशी काय करायचंय? पण मी विचारलं नाही. फोन नाही आला त्या दिवशी माझं कशात लक्ष लागायचं नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं होतं.

तो हैदराबादहून गावी आईकडं, ईरम्मांकडं जाताना हुमनाबादला बस बदलायचा. मी तिकडं काम काढून जायची. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा आणि चुरमुऱ्यांचा सुसला. तो कानडीत ऑर्डर द्यायचा आणि मराठीत माझ्याशी वाद घालायचा. एकदा मी म्हटलं, "तुम्ही मला इतकं विचारता, तुम्हाला कुणी विचारलं? तुम्ही का नाही गेलात बाहेर?"

"सुसला गार व्हायलाय," तो म्हणाला.

त्या ओंजळभर शेंगांच्या दाण्यांतली बहुतेक सगळी रोपं उगवली. मर लागलेल्या रानात लावून पाहिली तर शेजारची झाडं माना टाकत गेली आणि माझी उभी राहिली. फुलोऱ्यात मी पुन्हा क्रॉस केले, पुन्हा धागे बांधले. आई रोज संध्याकाळी त्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहायची. आत पाय टाकायची नाही.

आणि दिवाळी झाल्यावर पत्र आलं. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत तीन वर्षांची फेलोशिप. जे मला येत नव्हतं, नेमकं तेच तिथं शिकायचं होतं. प्रबंध देऊन उन्हाळ्यात रुजू व्हायचं.

मी हुमनाबादला गेले. अवेळी भुरभुर पाऊस लागला होता. तो बसमधून उतरला, डोक्यावर पिशवी धरून धावत आला, आणि माझं तोंड बघूनच म्हणाला, "मिळाली?"

"मिळाली."

तो इतका हसला की हॉटेलवालाही हसला. मग चहा आला. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"आज एक काम करा," मी म्हटलं. "आज विचारू नका. आज सांगा. मी जाऊ का?"

मला काय ऐकायचं होतं? आता सरळच सांगते. तो म्हणेल, जा... पण. त्या 'पण'साठी मी मंठाळहून तीन जीपा बदलून आले होते.

"जा," तो म्हणाला.

"एवढं चटकन?"

"व्हय. जा. तुमच्यासाठी चांगलं तेच हाय."

"आणखी काही?"

त्यानं बशीवर सांडलेल्या चहात बोट फिरवलं. आळंदची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. "...न्हाई. आणखी काय असणार?" असं म्हणून तो उठला. गाडी वळेपर्यंत खिडकीतून माझ्याकडं बघत राहिला.

परत येताना मी जीपमध्ये रडले. अंगावर शाल ओढून, शेजारणीला सर्दी झाली म्हणून सांगून रडले. जाऊ नको म्हणाला असता तर मी थांबले असते का? माहीत नाही. पण म्हणावंसंही वाटू नये?

आठवड्यानं विद्यापीठाकडून ई-मेल आला. तुमच्या मेंटॉरनं वैयक्तिक कारणानं नाव मागं घेतलं आहे, दुसरा निवडावा. मी फोन केला नाही. त्याचाही आला नाही. मी ऑस्ट्रेलियाला होकार कळवला, आणि त्यानंतर घरात अशी वावरले की तानाजी आईला म्हणाला, "हिला जायचं हाय म्हणून आनंद झालाय का कुणी मेलंय?"

मग पुन्हा येळवस आली.

या वेळी मी आदल्या दिवसापासूनच रानात होते. कोप बांधली, पांडवांना चुना दिला. आई पाटी घेऊन शेंगा तोडायला निघाली आणि रानाच्या दुसऱ्या टोकाच्या साध्या तुरीपाशीही मला हाक मारून विचारायला लागली. "मंजू, ही घेऊ का गं? ही?" धागा नव्हता, काही नव्हतं, तरी प्रत्येक फांदीपाशी विचारायची. शेवटी मीच तिच्या हातातली पाटी घेतली, एक टपोरी शेंग सोलली आणि दाणे तिच्या तोंडापुढं धरले.

"खा."

"नको माय."

"आई, तू कोवळ्या ठेवल्यास म्हणून माझं काम उभं राहिलं. खा आता."

तिनं खाल्ले. वर्षानं खाल्ले. पदर डोळ्याला लावून चावत राहिली.

तेवढ्यात धुऱ्यावरून तानाजीचा आवाज आला, "ओ पाहुणं! आज बी पंक्चर का?"

"न्हाई," उत्तर आलं. "आज मुद्दाम आलोय."

महेशकुमार उभा होता. स्वच्छ पांढरा शर्ट, पायात धुळीनं भरलेल्या चपला. येळवशीला आलेल्या माणसाला कोण नाही म्हणणार? आईनं पाट मांडला. पण मी ताट वाढलं नाही. "आधी इकडं या," म्हटलं आणि तुरीत शिरले.

लाल धाग्यांच्या झाडांपाशी मी वळले. "सोडून दिलंत मला? मधेच? दुसरा मेंटॉर निवडा म्हणे! ही काय पद्धत झाली?"

"पद्धत म्हणूनच सोडलं." तो म्हणाला. "मंजुश्री, तुम्ही विचारलं हुतं, मी बाहेर कामून गेलो न्हाई. सांगू? मलाबी आलं हुतं पत्र. माझे वडील, अप्पा, अंथरुणाला हुते. माझा हात धरून म्हणाले, जाऊ नको. मी राहिलो. त्याच पावसाळ्यात अप्पा गेले. राहिल्याचं दुःख न्हाई मला, त्यांच्याजवळ हुतो. पण ती वाट परत उघडली न्हाई. त्यांनी रागानं म्हटलं असतं तर मी गेलो असतो. प्रेमानं म्हटलेलं 'जाऊ नको' लई जड असतंय. उचलून बाजूला ठेवता येत न्हाई."

वाऱ्यानं वाळलेली शेंग कुठंतरी खुळखुळली.

"हुमनाबादला तुम्ही विचारलं, तेव्हा माझ्या तोंडात तेच आलं हुतं. जाऊ नको. मेंटॉरच्या तोंडी! ...म्हणून एका शब्दात संपवलं आणि उठलो. दुसऱ्या दिवशी नाव काढून घेतलं. जो माणूस तुम्ही जाऊ नये म्हणून मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसलाय, त्यानं तुम्हाला सल्ला द्यायचा न्हाई." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "होकार कळवलात?"

"कळवला."

त्यानं डोळे मिटले आणि उघडले. "बरं झालं. त्यासाठीच थांबलो हुतो. आता तुमचं ठरलंय, आता माझ्या बोलण्यानं काय बदलणार न्हाई. आता बोलू?"

"बोल," मी म्हटलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं कळलंच नाही.

"मला तू आवडतीस. ज्या दिवशी माझ्या घासात तुझा धागा आला, त्या दिवसापास्नं. उन्हाळ्यात तू जाशील. जा. त्या 'जा'मध्ये खोट नव्हती, आजबी न्हाई. फक्त... त्यात 'पण' हुता. तो सांगायला आलो."

मी ज्याच्यासाठी तीन जीपा बदलल्या होत्या, तो 'पण' आमच्याच रानात चालत आला होता. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण कोपीपुढं आई, माझे वडील अण्णा, तानाजी आणि अर्धी भावकी बसलेली. मी हात पाठीमागं बांधले.

"आता मी विचारते," मी म्हटलं. "पाच वर्षांनी कुठं उभं राहायचंय?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचाच प्रश्न त्याला परत मिळाला होता. त्यानं लाल धाग्याच्या एका शेंगेवरचं पान बाजूला केलं. मग हळू म्हणाला, "तुझ्या तुरीत. तुझ्या शेजारी."

"माझ्या तुरीत फुकट उभं राहता येत नाही. ही झाडं तीन वर्षं कोण बघणार? वीरभद्रप्पा सर आहेत, तानाजी आहे. पण फुलोऱ्यात क्रॉस कोण करणार?"

"मी येतो. सरांना विचारून, सुट्टी टाकून."

"हात हलका आहे का?"

"शिकव ना. उन्हाळ्याला अजून वेळ हाय."

कमरेच्या पिशवीत धाग्याचं रीळ होतं. मी वीतभर लाल धागा तोडला. त्यानं आपसूक मनगट पुढं केलं, आणि मी त्याच्या हातावर चापट मारली. "वेडा की काय! तिथं बांधलं तर राखी समजून भावकी आत्ताच ओवाळायला ताट आणेल."

त्याच्या शर्टाचं वरचं बटण धरलं आणि देठाला बांधते तसा त्याच्याभोवती धागा दोनदा गुंडाळून गाठ मारली. त्याचा श्वास माझ्या कपाळावर लागत होता. गाठ जरा सावकाशच मारली, हे कबूल करते.

"मंजू!" कोपीपासून आईची हाक आली. ती हात कपाळावर धरून बघत होती. "काय बांधायलीस गं त्या पाहुण्याला?"

सगळी पंगत वळून बघायला लागली. अण्णा आंबिलीचा लोटा हातात धरून थांबले. महेशकुमारनं घाबरून माझ्याकडं पाहिलं. मला आता कुणाची भीती वाटत नव्हती.

"राखून ठेवायलेय, आई," मी मोठ्यानं म्हटलं. "मी परत येईपर्यंत ह्याला कुणी तोडायचं न्हाई!"

अण्णांनी लोटा खाली ठेवला. आई एकदा त्या लाल धाग्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "ह्या वेळेला समजलं मला. ये रे बाबा, बस. भज्जी निवायली."

तो येऊन पाटावर बसला आणि आईनं त्याच्या ताटात वाढलं.